नियमातला आकडा नेमकं कशाला राखतो? सिद्धेश्वरचं पाणी आणि होडीचं इंजिन

आरआरसीसमोर ठेवायच्या आराखड्यात बहुतेक जण 'मानके' नावाचा एक तक्ता लावतात. डावीकडे घटक, उजवीकडे मर्यादा, खाली मोजून दोन ओळी. तो आकडा कसा मोजला, त्याचं एकक काय, तो कुणाला डोळ्यांसमोर ठेवून ठरवला, हे तक्त्यात कधीच नसतं. परीक्षक मात्र बरोबर तिथेच बोट ठेवतात. म्हणून या वेळी एकच नियम घेऊन तो उकलून बघू. विषय थोडा अनपेक्षित आहे: सहलीच्या मोटारबोटी आणि जेट-स्की यांचे धुराचे आणि सुरक्षेचे नियम. आणि पाणी घेऊ आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणाचं.

सिद्धेश्वरच का? पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी ही जोडी आहे. येलदरीचा जिवंत साठा सुमारे ८१० दलघमी, सिद्धेश्वरचा सुमारे ८१, म्हणजे दहावा हिस्सा. येलदरीतून सुटलेलं पाणी सिद्धेश्वरमध्ये येतं आणि तिथून कालव्यांनी हिंगोली, परभणी, नांदेडच्या शेतांत जातं. हिंगोली शहराच्या नळालाही हेच पाणी आहे. औंढा नागनाथ जवळच, त्यामुळे दर्शनाला आलेली माणसं इकडे वळू शकतात. राज्यात धरणांच्या पाण्यावर जलपर्यटन सुरू करायचे बेत आखले जातातच. साताऱ्याच्या मुनावळ्याला कोयनेच्या पाण्यावर ते २०२४ मध्ये सुरू झालं. तेव्हा उद्या सिद्धेश्वरवर कुणी चाळीस एचपीची बोट किंवा जेट-स्की आणायची म्हटली, तर कोणता नियम काय विचारेल, एवढंच आपण तपासायचं आहे.

आधी धूर.

जुन्या आउटबोर्ड इंजिनांत कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक इंजिनं फार. हलकी, स्वस्त, गावातल्या मेकॅनिकला दुरुस्त करता येणारी. त्यांची खोड अशी की सिलिंडरमधला जळका वायू बाहेर ढकलायचं काम नवं पेट्रोल-हवेचं मिश्रणच करतं. दोन्ही झडपवाटा काही क्षण एकदम उघड्या असतात आणि नव्या मिश्रणातला काही भाग न जळताच सरळ बाहेर जातो. किती? साधारण चौथा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त. शिवाय पेट्रोलमध्येच मिसळलेलं वंगण तेल जातं ते वेगळं. रस्त्यावरच्या स्कूटरचा धूर हवेत जातो. आउटबोर्डचा धूर पाण्याखाली सोडतात, आवाज दबावा म्हणून. म्हणजे ते न जळलेलं पेट्रोल आधी पाण्याला भेटतं, मग हवेला.

आता युरोपचा नियम बघा. २०१३ चा ५३ क्रमांकाचा निर्देश, नव्या बोटींना जानेवारी २०१६ पासून लागू. आउटबोर्ड आणि जेट-स्कीच्या पेट्रोल इंजिनासाठी हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांची बेरीज किती असावी, याचं सूत्र असं: १५.७ अधिक (५० भागिले शक्तीचा ०.९ वा घात). शक्ती किलोवॅटमध्ये. चार-साडेचार किलोवॅटच्या वरच्या इंजिनांना हे सूत्र लागतं. त्याखाली सरळ ३०. चाळीस एचपी म्हणजे ३० किलोवॅट घेतले तर उत्तर येतं १८ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास. याआधीचा २००३ चा नियम टू-स्ट्रोकला वेगळी, सैल पट्टी लावत होता. त्यात याच शक्तीला हायड्रोकार्बन सुमारे ३८ आणि नायट्रोजन ऑक्साइड १०, मिळून ४८ चालत होते. नव्या नियमाने टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा प्रश्नच काढून टाकला. 'कसं करायचं ते तुम्ही बघा, आकडा हा', असं म्हटलं. मला हा बदल फार आवडतो. नियम यंत्राच्या जातीवर न बांधता परिणामावर बांधला.

कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक यात कुठे बसतं? एका किलोवॅट-तासाला ते ढोबळमानाने ४५० ग्रॅम पेट्रोल पितं असं धरा. चौथा हिस्सा न जळता गेला तर ११० ग्रॅमच्या पुढे. मर्यादा १८. सहापट. कागदावर एका मिनिटात होणारं हे गणित आहे आणि ते केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण यातूनच कळतं की ही मर्यादा म्हणजे जुन्या इंजिनाला थोडं सुधारा असं सांगणं नाही. ते इंजिन बाजारातून घालवणं आहे.

पण १८ हा आकडा मोजतात कसा? इथे खरी गंमत आहे. इंजिन पाण्यावर नेतच नाहीत. प्रयोगशाळेत बाकावर बसवून आयएसओ ८१७८ मधलं ई-४ नावाचं चक्र चालवतात. पाच टप्पे. पूर्ण वेग आणि पूर्ण जोर, याला वजन ०.०६. मग ८० टक्के वेग, ६० टक्के, ४० टक्के, यांना अनुक्रमे ०.१४, ०.१५ आणि ०.२५. आणि शेवटी नुसतं इंजिन चालू, बोट जागच्या जागी. याला वजन तब्बल ०.४०. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांच्या मनातला बोटवाला शंभरातली चाळीस मिनिटं धक्क्याजवळ घुटमळतो आणि सहाच मिनिटं सुसाट जातो.

या चक्रातली सरासरी शक्ती काढा. वेग आणि जोर यांचा गुणाकार, त्याला वजनाने गुणून बेरीज. पूर्ण शक्तीच्या २१ टक्क्यांच्या आसपास येते. ३० किलोवॅटचं इंजिन सरासरी सव्वासहा किलोवॅटच देतं. (विद्यार्थी इथे एक गोष्ट हमखास गोंधळतात, म्हणून सांगून ठेवतो: प्रत्येक टप्प्याचे ग्रॅम प्रति किलोवॅट-तास काढून त्यांची सरासरी घ्यायची नसते. वर ग्रॅमची भारित बेरीज, खाली शक्तीची भारित बेरीज, मग भागाकार. जागच्या जागी चालणाऱ्या इंजिनाची शक्ती शून्य असते, त्याचा स्वतंत्र भागाकार करायला गेलात तर उत्तर अनंत येईल.)

मग तासाला किती? नियमात बसणारं इंजिन: १८ गुणिले सव्वासहा, साधारण ११० ग्रॅम. जुनं टू-स्ट्रोक: सुमारे ७०० ग्रॅम, म्हणजे जवळपास एक लिटर पेट्रोल. तासाला एक लिटर, न जळता. धरणावरच्या सहलीत बोटवाला दहा मिनिटांची फेरी मारतो, पर्यटकांना वेग हवा असतो, तो घुटमळत बसत नाही. त्याचं चक्र ई-४ सारखं असेल असं मानायला काहीच आधार नाही. आपल्याकडच्या सहलीच्या बोटीचं खरं चक्र नोंदवायला एक साधा जीपीएस आणि इंजिनाचे फेरे मोजणारं यंत्र पुरतं. एम.एस्सी.च्या प्रकल्पातही होण्यासारखं काम आहे हे.

आता एककाकडे या. ग्रॅम प्रति किलोवॅट-तास. या एककात पाणी कुठे आहे? कुठेच नाही. इंजिनाने केलेल्या कामाच्या मानाने किती घाण सोडली, एवढंच ते सांगतं. बोटी दहा आहेत की शंभर, तळं केवढं आहे, ते कुणी पितं का, याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही. तो कारखान्याच्या दारातला नियम आहे. त्या जागी तो चोख आहे, पण सिद्धेश्वरच्या पाण्याला तो राखतो असं प्रबंधात लिहाल तर ते चूक ठरेल.

पाण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. समजा एक जुनी टू-स्ट्रोक बोट दिवसाला चार तास, वर्षात दीडशे दिवस. सहाशे तास, सुमारे ४२० किलो. हे सगळं ८१ दलघमी पाण्यात नीट मिसळलं आणि जराही उडालं नाही असं धरलं, तर लिटरमागे ०.००५ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम. शंभरावा भाग! झालं, काळजी संपली, असं म्हणून अहवाल बंद करता येईल, आणि असे अहवाल खरोखर लिहिले जातात.

पण ती बोट ८१ दलघमीवर फिरत नाही. ती धक्क्यापाशी फिरते. दोनशे मीटर लांब, शंभर मीटर रुंद असं एक आत शिरलेलं पाणी घ्या आणि तेल-पेट्रोल वरच्या एक मीटरमध्ये राहतं असं धरा. वीस हजार घनमीटर. एका दिवसाचे पावणेतीन-तीन किलो त्यात टाकले की लिटरला ०.१४ मिलिग्रॅम. पाच बोटी असतील तर ०.७. मर्यादा ओलांडली, एका रविवारात. हा आकडा जास्तीत जास्त किती, या अर्थाने घ्यायचा. पेट्रोलचा बराच भाग काही तासांत उडून जातो, वारा पाणी हलवतो, आणि पेट्रोल म्हणजे हुबेहूब 'खनिज तेल' नव्हे. पण वंगण तेल आणि जळताना तयार होणारी पीएएच संयुगं इतक्या सहज उडत नाहीत, आणि पीएएचची मर्यादा त्याच मानकात ०.०००१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे तेलाच्या पाच हजारपट कडक.

एकाच बोटीची दोन उत्तरं, दोन्ही गणितं बरोबर. फरक फक्त भागाकारात कोणतं पाणी घेतलं याचा. पाणीपुरवठ्याची विहीर या धक्क्यापासून किती लांब आहे, हा प्रश्न म्हणून इंजिनाच्या धुराच्या आकड्यापेक्षा मोठा ठरतो.

काही ठिकाणी नियम पाण्याच्या बाजूनेच लिहिला गेला. अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक इंजिनांना बंदी झाली. कारण ते पाणी लोक पितात आणि त्यात पेट्रोलचे घटक सापडू लागले होते. आपल्याकडे भोपाळच्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रूझ आणि मोटारबोटी थांबवायला सांगितलं. तोही शहराला पाणी पाजणारा तलाव, शिवाय रामसर पाणथळ. या दोन्ही ठिकाणी कुणी किलोवॅट-तास मोजत बसलं नाही. पाणी कुणाचं, हा पहिला प्रश्न विचारला गेला.

धुराइतकंच, खरं तर त्याहून तातडीचं, सुरक्षेचं गणित आहे, कारण तिथे माणसं जातात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी धरणात करमाळ्याच्या कुगावकडून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती सहलीची बोट नव्हती, रोजची ये-जा होती. पण पाणी आपल्यासारखंच: धरणाचं, चहूबाजूंनी जमीन असलेलं, 'इथे कसली आलीय लाट' असं वाटायला लावणारं.

युरोपच्या त्याच निर्देशात बोटींचे चार वर्ग आहेत, अ ते ड म्हणू. सगळ्यात खालचा ड वर्ग आडोशाच्या पाण्यासाठी: वारा ब्यूफोर्ट मापावर ४ पर्यंत, लाटेची उंची ०.३ मीटर, क्वचित एखादी ०.५. लाटेची उंची म्हणजे इथे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. छोट्या तळ्यावरच्या बोटी साधारण याच वर्गातल्या. हा ०.३ कुठून आला असेल, ते स्वतः करून बघता येतं. वारा पाण्यावरून जितकं अंतर मोकळा धावतो त्याला फेच म्हणतात. ढोबळ सूत्र: लाटेची उंची = ०.००१६ गुणिले वाऱ्याचा वेग गुणिले (फेच भागिले ९.८१) याचं वर्गमूळ. सगळं मीटर आणि सेकंदात. फेच चार किलोमीटर घ्या. वारा सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ब्यूफोर्ट ४ ची वरची हद्द: उत्तर ०.२६ मीटर. ड वर्गात आरामात बसलं. आता वळवाच्या पावसाआधीचा वारा घ्या, सेकंदाला १५ मीटर, ताशी ५४ किलोमीटर. उत्तर ०.४८. आणि ही सरासरी झाली. त्या झुंडीतली सगळ्यात मोठी लाट पाऊण मीटरच्या पुढे जाऊ शकते. वारा तासभर टिकला तर हे आकडे खरे ठरतात. वीस मिनिटांत ओसरला तर लाट कमी. पण वर्ग मोडायला तेवढंही पुरतं, शिवाय वाऱ्याचा धक्का बोटीच्या अंगावर बसतो तो निराळाच.

म्हणजे बोटीवरचा शिक्का खरा असतो आणि तरी बोट बुडते. शिक्का बोटीचा आहे, दिवसाचा नाही. कोकण किनाऱ्यावर २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद ठेवतात, तो नियम समुद्राच्या पावसाळ्यासाठी ठीक आहे. मराठवाड्यात मात्र वादळी वारं एप्रिल-मे मध्येच सुटतं, आणि नेमकी तीच सुट्ट्यांची वेळ. किनाऱ्याच्या तारखा धरणावर उचलून लावल्या तर काय होईल, ते उजनीची तारीख परत वाचून बघा.

क्षमतेचा नियम सगळ्यांना माहीत असतो, म्हणून त्यावर थोडकंच. युरोपात माणशी ७५ किलो धरून आकडा बोटीवर पाटी लावून लिहितात. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. माणसं क्षमतेपेक्षा जास्त होती, जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हतं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जण दगावले. धडक दुसऱ्याची होती, पण नीलकमलचा परवाना ८४ प्रवासी आणि ६ खलाशी असा होता आणि बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती.

जॅकेटवरही एक आकडा असतो, तो कुणी वाचत नाही. न्यूटनमध्ये. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत करतं. १०० न्यूटनपासून पुढे बेशुद्ध माणसाला उताणं वळवून तोंड पाण्याबाहेर ठेवायची अपेक्षा सुरू होते. पोहता न येणाऱ्या पर्यटकाला ५० चं घातलं की 'जॅकेट दिलं होतं' ही नोंद खरी होते, एवढंच.

जेट-स्कीचा धोका अजून वेगळा. तिला सुकाणू नसतं. मागून पाण्याचा झोत सुटतो आणि तो झोत वळवला की गाडी वळते. समोर काही आलं की नवखा माणूस काय करतो? घाबरून थ्रॉटल सोडतो. झोत थांबला, वळणं थांबलं, आणि गाडी आहे त्या दिशेने सरळ जात राहते. स्कूटरची सवय इथे उलटी पडते. म्हणून भाड्याने देताना 'अडथळा दिसला तर गॅस सोडू नका, वळवा' हे सांगणं शिट्टी आणि जॅकेटइतकंच गरजेचं. चालवणारा पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं किंवा गाडीने हळू गोल फिरत राहावं, अशी अट युरोपच्या निर्देशात आहे. मनगटाला बांधायची दोरी त्यासाठीच. ती हँडलला गुंडाळून ठेवलेली दिसली की समजा, नियम कागदावर पाळलाय.

मग आपला कायदा काय म्हणतो? १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ आला, २०२२ पासून लागू. यांत्रिक बोटीला सर्वेक्षण हवं, नोंदणी हवी, प्रदूषण रोखण्याचं प्रमाणपत्र हवं, विमा हवा. पाण्याचे झोन लाटेच्या उंचीवरून ठरवायची सोय आहे. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, धरण जलसंपदा विभागाकडे, आणि नळाचं पाणी नगरपालिकेकडे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१७ च्या बोट-सुरक्षा मार्गदर्शक सूचना आहेत. बीएस-६ मात्र रस्त्यावरच्या वाहनांची पट्टी, ती होडीच्या इंजिनाला लागत नाही. युरोपचा नियम बोट विकण्याआधी विचारतो, आपला कायदा बोट पाण्यात उतरवताना विचारतो. जुनं, तिसऱ्या हाताने घेतलेलं टू-स्ट्रोक पहिल्या चाळणीत कधी येत नाही. दुसऱ्या चाळणीत ते पकडायचं, तर तपासणाऱ्याला समुद्रकिनाऱ्यावरून औंढ्यापर्यंत यावं लागतं.

सिद्धेश्वरवर काम करायचं असेल त्यांनी बोटी येण्याची वाट बघू नये. आत्ताच्या, बोटी नसतानाच्या पाण्याचे नमुने पुढे फार मोलाचे ठरतील, कारण 'आधी'चा आकडा नंतर कुठूनच मिळत नाही. धक्का होऊ शकेल अशा दोन-तीन जागा, पाणी उचलतात ती जागा, आणि तुलनेला येलदरी. वरच्या थराचा आणि दोन मीटर खालचा असे वेगवेगळे नमुने, काचेच्या बाटलीत, वर हवेची जागा न ठेवता. वाऱ्याचं एक यंत्र काठावर उभं करा आणि एप्रिल-मे चे झोत मिनिटामिनिटाला नोंदवा. ड वर्गाची हद्द वर्षात किती संध्याकाळी ओलांडली जाते, हे सांगणारी तीन वर्षांची नोंद हाती असेल तर बोटी कोणत्या महिन्यांत बंद ठेवायच्या, यावर निदान वाद तरी घालता येईल.